नत्राचे बिल कुणाच्या नावावर?

स्मृतिव्याख्यानाची सुरुवात गौरवाच्या शब्दांनी करण्याचा रिवाज आहे. आजची सुरुवात एका यादीने होते आहे, आणि तिचे इथले निमित्त एवढेच की त्या यादीत बीडचे नाव आहे. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अखेरीस देशाच्या भूजल गुणवत्तेचा वार्षिक अहवाल काढला. पंधरा हजारांवर ठिकाणचे पाणी तपासले गेले. जवळपास वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघाले. महाराष्ट्रात हेच प्रमाण पस्तीस टक्क्यांच्या पुढे गेले. ज्या पंधरा जिल्ह्यांत हे दुखणे सर्वांत बळावलेले आहे त्यांत महाराष्ट्राचे सात आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ.

दुष्काळाच्या, टँकरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांच्या याद्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव वाचायची बीडच्या माणसाला सवय झाली आहे. तिथे तक्रार असते पाणी नसल्याची. ही यादी जे पाणी आहे त्याबद्दल बोलते, म्हणून तिच्यावर फारसा गदारोळ झाला नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. विहीर आटली की मोर्चा निघतो. विहिरीत नायट्रेट वाढले तर पोहरा नेहमीसारखाच भरून वर येतो.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, आणि दुसरा स्रोत नसेल तर थोडे जास्त चालवून घ्या अशी सवलत त्यात नाही. यामागे मुख्यतः तान्ह्या मुलांची काळजी आहे. बाटलीच्या दुधात असे पाणी गेले तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरने १९४५ मध्ये शेतावरच्या विहिरींचा आणि या निळ्या बाळांचा संबंध दाखवून दिला. आपल्याकडे घरोघरी पाणी उकळून देण्याचा सल्ला दिला जातो. जंतूंसाठी तो बरोबर आहे, नायट्रेटच्या बाबतीत उलटा पडतो, कारण पाणी आटते आणि नायट्रेट मागे राहते.

मग राहिला जार. गावोगावी आरओचे प्लँट आले आहेत, वीस लिटरचा जार विकत घेणे गरिबाच्या घरातही नेहमीचे झाले आहे. प्लँटच्या मागे जाऊन पाहिले तर एक बारीक पाइप नालीत सोडलेला दिसतो. गाळून वेगळे काढलेले क्षार आणि नायट्रेट त्या पाइपातून जास्तच दाट होऊन बाहेर पडतात, नालीतून मुरतात आणि त्याच शिवाराच्या पाण्यात परत जातात. माणूस विहिरीतले नायट्रेट पैसे देऊन बाजूला काढतो आणि फुकटात विहिरीला परत करतो.

हे येते कुठून? शेतातून, गोठ्यातून आणि संडासातून, म्हणजे जिथे जिथे नत्र आहे तिथून. बीड जिल्ह्याच्या पोटात काळा पाषाण आहे. वर कुठे दोन हात, कुठे दहा हात काळी माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक. पावसाची सरासरी साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो पडतो चार-दोन झोडपण्यांत. सोयाबीन किंवा कपाशी उभी आहे, आठवडाभर उघडीप मिळाली, वाफसा आला की शेतकरी युरिया फेकून घेतो. पुढच्या पावसाचा भरवसा नसल्यामुळे एका हप्त्यातच बराचसा फेकतो. युरियाचे जमिनीत आधी अमोनियम होते. काळी माती त्याला धरून ठेवते. पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला माती धरत नाही. त्यानंतर एक दणका बसला की ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरते आणि भेगांतून विहिरीचा रस्ता धरते. देशात दिलेल्या नत्रापैकी सर्वसाधारणपणे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास नत्र पिकाच्या कामी येते असे कृषिशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. उरलेले काही हवेत जाते, काही पाण्यात.

उसाचा हिशेब आणखी ठळक आहे. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. युरियात नत्र ४६ टक्के आणि गोणी ४५ किलोची, म्हणजे हेक्टरी बारा गोण्या, एकरी पाचच्या आसपास. ही झाली शिफारस. माजलगाव-गेवराईच्या कालव्याखालच्या पट्ट्यात शिफारशीवर थांबणारा शेतकरी सापडला तर त्याचा सत्कारच करावा लागेल. आणि पाट सुटला की रान तुडुंब भरून घेण्याची रीत असल्यामुळे जे पावसाने व्हायचे ते पाटाच्या पाण्यानेही होते. या जिल्ह्याची लाखो माणसे सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडतात, फडाशेजारी कोपी घालून राहतात आणि तिथलेच पाणी तान्ह्यांसकट पितात, हेही या हिशेबात धरायला हवे.

गावातले नत्र शेतातल्याइतकेच जुने आहे. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती कसदार असते हे शेतकऱ्याला कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी माहीत होते. ओसाड गढ्यांची आणि जुन्या गावठाणांची माती गाड्या भरभरून शेतात टाकली गेली, ती इतकी की पुरातत्त्वाच्या अभ्यासकांची पांढरीची टेकाडे त्यात खणली गेली. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि मूत्र त्या मातीत असते. पूर्वी हा साठा हळूहळू व्हायचा. स्वच्छ भारत अभियानात घरामागे १२,००० रुपयांचे अनुदान मिळाले आणि लाखो शौचालये उभी राहिली. त्यांतली पुष्कळशी शोषखड्ड्यांची आहेत, आणि शोषखड्ड्याचे कामच मुळी पाणी मुरवण्याचे आहे. खड्डा खोल मातीत असेल, विहिरीपासून दूर असेल तर जंतू वाटेत मरतात. नायट्रेट मरत नाही. भेगाळ खडकाच्या गावात खड्डे जवळजवळ, विहीर उताराला आणि विहिरीच्या काठाला उकिरडा अशी मांडणी असली तर काय होणार हे सांगायला भूवैज्ञानिक लागत नाही. यात शौचालयांची टवाळी नाही. उघड्यावरच्या हागणदारीने माणसे मरत होती, ती थांबवणे गरजेचेच होते. सरकारी पैशाने एक दुखणे हलवताना दुसऱ्याची नोंद ठेवायला हवी होती, ती ठेवली गेली नाही.

आता पैशाकडे वळू, कारण आजचा विषय तोच आहे.

४५ किलो युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. ती सरकारला सुमारे २,२०० रुपयांना पडते असे २०२३ मध्ये केंद्राने स्वतःच जाहीर केले होते. २०२२-२३ या वर्षात खतांवरचे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांसाठी अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आली. युरिया तिच्याबाहेर राहिला. बाकीची खते महागली, युरिया जिथल्या तिथे राहिला, आणि मातीला काय हवे यापेक्षा खिशाला काय परवडते यावर खताची मात्रा ठरू लागली. १०० टक्के युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा झाला २०१५ मध्ये, गोणी ५० किलोवरून ४५ वर आली २०१८ मध्ये. दुसऱ्या उपायामागचा तर्क असा की शेतकरी गोण्या मोजून टाकतो, किलो मोजून नाही. हा तर्क ज्याने लढवला त्याला शेतकरी कळला होता.

त्याच वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, मृदा आरोग्य पत्रिका आली. पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब सगळे छापलेले असते. ती अनेक घरांत रेशनकार्डाशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली दिसते, आणि खताचा निर्णय कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर होतो. त्यात शेतकऱ्याचे चुकते असे म्हणणे सोपे आहे. एकरी दोन गोण्या युरिया त्याने वाचवला तर त्याचे वाचतात ५३३ रुपये. सरकारचे वाचतात ३,८०० च्या वर. धोका मात्र सगळा त्याचा, कारण पीक पिवळे पडले तर शेजारी हसतो आणि उतारा घटला तर सावकार हसत नाही. ५३३ रुपयांसाठी कुणी शहाणा माणूस हा जुगार खेळेल?

केंद्राला हे कळले नाही असे नाही. जून २०२३ मध्ये पीएम-प्रणाम योजना मंजूर झाली. राज्याने मागच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा रासायनिक खत कमी वापरले तर वाचलेल्या अनुदानाची निम्मी रक्कम राज्याला अनुदान म्हणून मिळेल, अशी तिची मांडणी आहे. कल्पना चांगली आहे, तिची पातळी चुकली आहे. राज्याची सरासरी बीडच्या शेतकऱ्याच्या हातात नाही. मराठवाड्यात पाऊस दडी मारतो त्या वर्षी खत आपोआपच कमी खपते. कागदावर ती बचत दिसेल आणि शिवारात ती नापिकी असेल. शिवाय पैसा मंत्रालयात येऊन थांबला तर गोणी न उचलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. वर मांडलेल्या हिशेबातली निम्मी बचत, एकरी सुमारे १,९०० रुपये, थेट त्याच्या खात्यावर आली तर काउंटरवरचे बोलणे बदलेल. पीकविम्याचे आणि नमो सन्मानचे पैसे खात्यावर येतातच, वाट तयार आहे.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरपर्यंत माघार घेतली. या धक्क्याने भाताचे उत्पादन कोसळले. खत कमी करणे म्हणजे खत बंद करणे नव्हे, आणि ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांची मोजदाद होते तिथे तर हे बोलताना शब्द तोलून वापरावा लागतो. सोयाबीन स्वतःच्या मुळांवरच्या गाठींत हवेतले नत्र बांधते. बियाण्याला रायझोबियम चोळले तर त्याला नंतरचा युरिया बहुधा लागतच नाही. तो तिथे वाचवावा. कपाशीचा युरिया एकदम न फेकता हप्त्यांत द्यावा. उसाला ठिबकमधून विद्राव्य स्वरूपात द्यावा. ठिबकला अनुदान आहे: केंद्राच्या योजनेतून ५५ आणि ४५ टक्के, त्यात राज्याची भर पडून अल्पभूधारकाला ८० आणि इतरांना ७५ टक्के. पण हे अनुदान पाणी वाचवण्याच्या नावाने मिळते. ठिबकच्या संचाला खत सोडायची टाकी जोडली आहे का आणि ती वापरात आहे का, हे कुणी विचारत नाही.

जागतिक बँकेच्या कर्जातून आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बीडची गावे होती. रोजगार हमीतून नाडेप पद्धतीचे कंपोस्ट खताचे हौद बांधता येतात. त्या पद्धतीचे नाव ज्यांच्या आद्याक्षरांवरून पडले ते नाडेपकाका पांढरीपांडे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे. आष्टी-कड्याकडे दुधाचा धंदा मोठा आहे, म्हणजे शेण आणि मूत्र मोठे. उघड्या उकिरड्यावरचे नत्र निम्मे हवेत आणि पावसात जाते. हौद झाकला, त्याच्या खाली फरशी घातली, तर तेच शेतात जाईल. पैसे आहेत, योजना आहेत. एकीलाही नायट्रेट हा शब्द ठाऊक नाही.

सांडपाण्याची कथा वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. माणसाच्या वर्षभराच्या मलमूत्रात अडीच-पावणेतीन किलो नत्र असते, त्यातले बहुतेक मूत्रात. अडीच किलो धरले तरी शहर वर्षाला साडेतीनशे टनांवर नत्र बाहेर टाकते. युरियाच्या गोण्यांत मोजले तर साडेसतरा हजारांहून जास्त. शेतकऱ्याच्या भावाने सत्तेचाळीस लाखांचा माल, सरकारच्या भावाने चार कोटींच्या जवळपास. यातले काही सेप्टिक टँकमध्ये अडकते, काही मुरते, काही बिंदुसरेच्या पात्रात येते. बिंदुसरा बालाघाटात उगम पावून शहरातून जाते आणि पुढे सिंदफणेला मिळते. पावसाळा सरला की पात्रात जे वाहते ते शहराचेच असते.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले की हे नत्र नाहीसे होते असा समज आहे. साध्या केंद्रात सेंद्रिय घाण कुजवली जाते, नत्राचा मोठा भाग तसाच पुढे जातो. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मसुद्यात नत्रावर मर्यादा घातलेली होती. ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेतून ती गळाली. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ च्या आदेशात ती पुन्हा आणली. मर्यादा पाळायची तर खर्च येतो. एक किलो अमोनियातल्या नत्राचे नायट्रेट करायला साडेचार किलोंहून अधिक प्राणवायू पाण्यात ढकलावा लागतो, म्हणजे दिवसरात्र ब्लोअर, म्हणजे वीजबिल. पुढे त्या नायट्रेटचे वायू करून हवेत सोडायला आणखी टाक्या लागतात. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात नैसर्गिक वायू जाळून हवेतले नत्र युरियात बांधायचे, अनुदान देऊन ते बीडला आणायचे, ज्वारी-बाजरीतून माणसाच्या पोटात जाऊ द्यायचे आणि शेवटी नगरपालिकेने वीज जाळून ते परत हवेत सोडायचे, असा हा प्रवास आहे. दोन्ही टोकांना पैसा सरकारचाच जातो.

श्रीमंत देशांनी हा प्रवास पत्करला, कारण त्यांच्यासमोर समुद्र होता. अमेरिकेत मेरिलँड राज्याला चेसापीक उपसागर लागून आहे. नत्र-स्फुरदाने शेवाळ माजून उन्हाळ्यात त्या पाण्यातला प्राणवायू संपतो, खेकडे आणि कालवे मरतात. २००४ मध्ये राज्याने कायदा करून गटारजोडणी असलेल्या प्रत्येक घरावर महिना अडीच डॉलरचा आकार बसवला. लोक त्याला सरळ फ्लश टॅक्स म्हणतात. २०१२ मध्ये तो दुप्पट झाला. त्या पैशातून राज्यातली ६७ मोठी प्रक्रिया केंद्रे सुधारायला घेतली. बाहेर पडणाऱ्या पाण्यातले नत्र लिटरमागे ३ मिलिग्रॅमवर आणायचे हे उद्दिष्ट होते. या कायद्यातली खरी चतुराई पुढे आहे. ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे त्यांच्याकडूनही तेवढाच आकार घेतला, आणि त्यातले ६० टक्के टँक सुधारायला, ४० टक्के शेतकऱ्यांना द्यायचे ठरले. कशासाठी? मका निघाल्यावर रानात राय किंवा गहू पेरण्यासाठी. मक्याने न वापरलेले नत्र हिवाळ्यात वाहून जाण्याआधी हे दुसरे पीक उचलून घेते. संडासाच्या पट्टीतून शेतकऱ्याच्या पेरणीला पैसे!

न्यूयॉर्कची गोष्ट याहून थेट आहे. ऐंशी-नव्वद लाखांच्या त्या शहराचे बहुतेक पाणी दोनशे किलोमीटरवरच्या कॅट्सकिल डोंगरांतून येते. नव्वदच्या दशकात गाळणी प्रकल्प बांधण्याचा दबाव आला, खर्चाचा अंदाज सहा ते आठ अब्ज डॉलर. शहराने उलटा विचार केला आणि १९९७ मध्ये वरच्या गावांशी करार केला. त्याआधीपासून, १९९३ पासून, शेतकऱ्यांची एक परिषद शहराच्या पैशावर गोठ्यांचे आणि शेणाच्या साठ्यांचे काम करत होतीच. सक्ती नको, आम्ही ठरवू, पैसे तुम्ही द्या, ही शेतकऱ्यांची अट शहराने मान्य केली. वरच्या छोट्या गावांची सांडपाणी केंद्रेही शहराने स्वतःच्या खर्चाने सुधारून दिली.

लातूरकरांनी ही गोष्ट कान देऊन ऐकावी. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते आणि धनेगावला तिच्यावर धरण आहे. ते धरण बीड जिल्ह्यात. त्याचे पाणी लातूरला जाते, अंबाजोगाईला आणि केजलाही जाते. २०१६ मध्ये ते कोरडे पडले तेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्याची बातमी जगभर गेली. पाणी किती, यावरून वरचे आणि खालचे तेव्हापासून आजवर भांडतात. पाणी कसे, यावर बोलणे अजून सुरूच व्हायचे आहे. पाटोदा-केजच्या आणि पलीकडच्या वाशी-कळंबच्या शिवारांतून जे धरणात उतरते ते लातूरच्या नळाला येते. लातूर महापालिकेने दर नळजोडणीमागे महिना दहा रुपये वेगळे काढून वरच्या गावांतल्या झाकलेल्या उकिरड्यांना, न फेकलेल्या युरियाला आणि कळंबच्या सांडपाण्याला द्यावेत, ही सूचना आज हास्यास्पद वाटेल. १९९७ पूर्वी न्यूयॉर्कमध्येही ती तशीच वाटली असती.

आष्टी तालुक्याला तर ही अडचण उलट्या बाजूने येणार आहे. तालुक्याचा भाग कृष्णा खोऱ्यात मोडतो आणि उजनीचे पाणी शिंपोऱ्याहून खुंटेफळच्या साठवण तलावात आणायचे काम चालू आहे. आष्टीकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, ते यायलाच हवे. पण उजनीच्या वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहेत. उजनीवर पसरणारी जलपर्णी आणि उन्हाळ्यात हिरवे पडणारे पाणी कुणाच्या नत्र-स्फुरदावर पोसले जाते हे सर्वश्रुत आहे. पाण्याच्या कराराबरोबर त्याच्या गुणवत्तेचा खर्च कोण उचलणार, हे आष्टीने पाणी पोचण्याआधी विचारलेले बरे.

पण मेरिलँडचे यंत्र उचलून बीडला बसवणे शहाणपणाचे नाही. तिथे बारमाही नद्या आणि समुद्र आहे, नत्र पाण्यातून काढून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. इथे आठ महिने कोरड्या नद्या आणि तहानलेली रानं आहेत. प्रक्रिया केंद्राने जंतू मारावेत, अळ्या-जंतांची अंडी काढावीत, नत्र तसेच ठेवावे आणि पाणी पाइपाने शेतात द्यावे. शेतकऱ्याने तेवढ्या गोण्या कमी घ्याव्यात. केंद्राच्या अमृत योजनेच्या २०२१ मधल्या दुसऱ्या टप्प्यात शहरांच्या पाण्याच्या गरजेचा पाचवा हिस्सा पुनर्वापराने भागवण्याचे उद्दिष्ट आहेच. नागपूरने भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वीजकेंद्राला दिले, तो कारखान्याचा मार्ग झाला. बीडला शेताचा मार्ग अधिक फळेल. गोण्या कमी घेण्याची अट मात्र कळीची आहे. सांडपाणीही घेतले आणि युरियाही नेहमीसारखाच फेकला तर विहिरीचे नायट्रेट दुपटीने चढेल. हैदराबादच्या खाली मुसी नदीच्या काठी सांडपाण्यावर गवत आणि भाजी पिकवणाऱ्या पट्ट्यातल्या विहिरी हेच सांगतात. म्हणून पाणी देणारी नगरपालिका आणि गोणी न घेतल्याचे पैसे देणारे कृषी खाते यांनी एका टेबलावर बसणे भाग आहे. आज ती दोन खाती एकमेकांना फक्त जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत भेटतात.

सोनखत महाराष्ट्राला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या नगरपालिकेचे मैल्याचे खत उसाच्या बागाईतदारांत खपत होते. ते आठवताना हेही आठवायला हवे की तो मैला डोक्यावरून वाहणारी माणसे एका विशिष्ट जातीची होती आणि त्या व्यवहाराच्या नफ्यात त्यांचा वाटा नव्हता. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला वाहणे गुन्हा ठरवले आहे, तरी सेप्टिक टँकमध्ये माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या येतातच. मैलागाळ शेतात न्यायचा पैसा उभा राहिला तर त्यातला पहिला रुपया उपसा करणाऱ्या गाडीवर, तिच्या पंपावर आणि चालवणाऱ्याच्या पगारावर जावा. हौद, केंद्रे, नळ्या नंतर.

ग्रामपंचायतीकडेही पैसा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपये धरले आहेत. ते बहुतेक नाल्यांवर आणि शोषखड्ड्यांवर जातात, कारण नाली बांधली की फोटो निघतो. विहिरीच्या उताराकडचे खड्डे बुजवून दुसरीकडे नेणे, शोषखड्ड्याऐवजी केळी-अळूची परसबाग करून पाणी मुळांना पाजणे, ही कामे त्याच रकमेत बसतात. फोटोत ती फारशी उठून दिसत नाहीत.

मोजणीचे साधनही गावात येऊन पडले आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले आणि किट दिले गेले. छोट्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, पुडी टाकायची, हलवायचे, थोडे थांबायचे. पाणी गुलाबी होऊ लागते. जितके गडद तितके नायट्रेट जास्त. नळी छापील रंगपट्टीशेजारी उजेडात धरून आकडा वाचायचा. आशाताई, बचत गटाच्या ताई हे सहज करतात. आकडा ॲपवर जातो आणि तिथेच राहतो. त्याला पैसा जोडलेला नाही. मे महिन्यात आणि पाऊस उघडल्यावर, असे वर्षातून दोनदा त्याच विहिरीचे पाणी मोजले, तीन वर्षांत उतार दिसला तर गावाला आणि त्या विहिरीच्या पाणलोटातल्या शेतकऱ्यांना बक्षीस रक्कम मिळाली, तर योजनांच्या या गर्दीत पहिल्यांदाच कुणाला तरी निकालाचे पैसे मिळतील. किटचा आकडा ढोबळ असतो हे खरे. म्हणून गावाने किटने मोजावे आणि रक्कम द्यायच्या आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेने तो पडताळावा.

रब्बीत ज्वारी परत आली तर तिचाही यात वाटा धरता येईल. सोयाबीन निघालेल्या रानात शाळू पेरला तर त्याची खोल मुळे उरलेले नत्र वर ओढतात, वर भाकरी आणि कडबा मिळतो तो वेगळाच. मेरिलँडचा शेतकरी ज्या कामाचे पैसे घेतो तेच काम बालाघाटावरचा शेतकरी आजोबापासून फुकट करत आला होता, आणि परवडत नाही म्हणून आता सोडतो आहे.

ग्रामसभा १ मे रोजी असते आणि २ ऑक्टोबरलाही असते, म्हणजे पावसाआधी आणि पाऊस सरताना. पुढच्या वर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडाही ऑक्टोबरपासूनच आकार घेऊ लागतो. विहिरीचा नायट्रेटचा आकडा त्या दोन सभांत मोठ्याने वाचून इतिवृत्तात लिहायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या ग्रामसेवकाला, कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि तो आकडा इतिवृत्तात आला की आराखड्यात पैसे कुठल्या कामाला लावले, हा प्रश्न पुढच्या सभेत कुणीतरी विचारीलच.